कौसाआत्याचा अंगठा

कौसाआत्या माहेरी आली की आधी भांडी घासायला बसे. घासलेलीच भांडी. राख घ्यायची, विटकराचा तुकडा घ्यायचा आणि तांब्याचा हंडा असा रगडायचा, की आतलं पाणी बाहेरून दिसावं. माझी बायको म्हणायची, "आत्याबाई, राहू द्या की." त्यावर आत्याचं ठरलेलं, "माहेरी बसून खाऊ का वं? आता सुनायचं राज्य हाय. हात हालवलेला बरा."

ती यायची रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी. आजोबांच्या जमिनीवर माझ्या वडलांबरोबर तिचंही नाव होतं. वडील गेल्यावर थोरल्या दादांनी वाटणी काढली, आणि आत्यानं हक्कसोड करून द्यावी असं ठरलं. आमच्याकडे बहिणी तसं करतातच. साडी-चोळी घ्यायची, पुरणाचं जेवायचं, अंगठा द्यायचा. आत्या कधी नाही म्हणाली नाही. नाही म्हणाला तो तिचा अंगठा.

रजिस्ट्री कचेरीतल्या मशीनवर तो उठायचाच नाही. कारकून तो पुसायचा, तेल लावायचा, दहाही बोटं टेकवून बघायचा. शेवटी आत्याच त्याची समजूत घालायची, "तुही मशीन चांगली हाय रं बाबा. माहाच जलम घासण्यात गेला." मग पुढची तारीख मिळे. दादा कपाळावर हात मारत. "दर तारखेला नवी साडी! या अंगठ्यापायी जवळा बाजारचा साडीवाला आपला सोयरा झाला!"

मी तिला पुसेगावला, तिच्या सासरी सोडायला जाई. गाडीतून उतरली की ती खिडकीत वाकून विचारी, "आता कवा?" मी तारीख सांगे. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत ती घरात जाई.

एकदा न्यायला गेलो, तर घराला कुलूप. आत्या रेशन दुकानात होती. माझ्यासमोरच तिनं तिथल्या मशीनवर अंगठा ठेवला आणि तो पहिल्या झटक्यात उठला. दुकानदार म्हणाला, "आत्याबाईचा अंगठा म्हंजे एक नंबर!" तिनं वळून पाहिलं, तर मागं मी.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "अंगठा उठला की तुमची गाडी कशाला येईल, लेकरा?"

वडील गेल्यापासून कुठल्या सणाला तिला आणलं होतं, ते मी आठवत राहिलो. गाव आलं, तरी एकही सण आठवला नाही.

त्या संध्याकाळी ती राख घेऊन बसतच होती. ओसरीवरून दादा म्हणाले, "आत्या, उद्या तेवढा अंगठा उठव बाई. तू मेलीस तर तुह्या पोरायच्या पाया पडत फिरावं का आमी?"

आत्याचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये पाहिलं.

"बराबर हाय तुहं," ती दादांना म्हणाली. विटकराचा तुकडा तिनं चुलीमागं सारला, साबणानं हात धुतले आणि बोटांना खोबरेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी अंगठा उठला. कारकुनानंच टाळी वाजवली. दादांनी कचेरीभर पेढे वाटले. आत्यानंही एक खाल्ला.

पुसेगावला मी तिच्या दाराशी गाडी थांबवली. नवी साडी काखेत धरून ती उतरली आणि सवयीनं खिडकीत वाकली.

"आता कवा?"

माझ्याकडे तारीख नव्हती. तिनं मोजायला अंगठा पहिल्या पेरावर टेकवलेला होता.