वजन गेलंच पायजे

मधूभाऊ म्हात्रेने स्वतःच्या लग्नात आलेल्या चमच्यांना ड्रिलने भोकं पाडली, तेव्हा मी त्याच्या पेणच्या घरी चहा पीत बसलो होतो. मशीन थांबवून त्याने त्यातला एक चमचा माझ्याच कपात फिरवला. साखर विरघळली. "बघ, काम तेच, वजन कमी. गाडीचं पण असंच हाय," तो म्हणाला. मला पुढचा घोट गिळवेना.

आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. मी राहतो अष्टमीला, रोह्याच्या पुलापलीकडे. तरी माझी सुट्टी त्याच्या अंगणातच जायची, कारण तिथे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी आमची नवी गाडी तयार होत होती. टीम म्हणजे मधूभाऊ, मी आणि गाडी चालवणारी त्याची मुलगी निशा. बायको गेल्यापासून घरातही ही बाप-लेक दोघंच.

शर्यती सुरू व्हायच्या आधी नवी गाडी एकदा पळवून बघावी लागते. ती चाचणी जवळ आली तसा मधूभाऊ हाताबाहेर गेला. पत्रा दिसेल तिथे भोक. आरसे काढले, दारं काढली, रंग खरवडला. का, तर रंगालाही वजन असतं. एक दिवस तो मिशी काढूनच शिफ्टला आला. गाडी काय मिशी लावून पळणार होती का, असं मी विचारलं, तर म्हणाला की सुरुवात घरच्यांनी करायची असते. अख्खं डिपार्टमेंट काम सोडून त्याच्याकडे बघत राहिलं.

इथवर मी हसत होतो. मग एका दुपारी जेवताना त्याने निशाच्या ताटातली दुसरी भाकरी उचलली.

"वजन गेलंच पायजे."

ती ताटावरून उठून गेली. मी हादरलोच. परत या घरी पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून मी रोह्याची एसटी धरली.

तरी चाचणीच्या सकाळी गेलो. जिते गावाजवळ भात कापून मोकळी झालेली शेतं होती, तिथे गाडी पळवायची होती. वाटेत एका भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी चढवली आणि आकडा मी दोनदा वाचला. आमच्या हिशेबापेक्षा गाडी भाताच्या दोन गोणींनी जड भरत होती. भंगारवाल्याने काटा तपासला. काटा बरोबर होता. निशा बापाकडे बघत होती आणि बाप रस्त्याकडे.

मी वाकून गाडीत डोकं घातलं. चालकाच्या सीटभोवती नियमाप्रमाणे एक लोखंडी पिंजरा असतो. त्याच्या आत जाड पाइपांचा आणखी एक पिंजरा होता. डोक्यावर, पाठीमागे, दोन्ही बाजूंना. वेल्डिंग मधूभाऊच्या हातचं होतं, आणि मला किंवा निशाला त्याचा पत्ता नव्हता.

"मधूभाऊ, एवढ्या वजनाने आपण हरणार," मी म्हणालो.

"हरू दे. गाडी परत बनवता येते."

शेतात पोचल्यावर निशा आत बसली आणि तिने पट्टा लावला. मधूभाऊने तो ओढून बघितला, मग हेल्मेट हलवून बघितलं, मग पुन्हा पट्टा. इंजिन सुरू झालं. मी टायमर हातात धरून उभा. मधूभाऊ बाजूला व्हायचं सोडून पिंजऱ्याशी वाकला.

"हलू जा गो," तो म्हणाला.