काकडीची ओळख निश्चित करण्याबाबत

शेतीचा विकास ही अत्यंत गंभीर बाब असून ती शेतात सोडून देणं धोक्याचं असतं. तिच्यासाठी समिती लागते. आमची जनुकबदल पीक पडताळणी समिती अकरा जणांची आहे आणि मी तिचा सचिव आहे. (समितीत एक सदस्य शेतीतले आहेत. म्हणजे, त्यांचे मेहुणे ट्रॅक्टर विकतात.)

आमच्या संशोधन केंद्रात काकडीचे दोन वाफे होते. एकात साधी काकडी, दुसऱ्यात जनुक बदललेली. त्या बदलापायी संशोधक बाईंनी आयुष्यातली अकरा वर्षं घातली होती आणि हा चाचणीचा शेवटचा हंगाम होता. चांगला अहवाल गेला तर बियाणं शेतकऱ्यांना मिळणार, नाहीतर सगळं भट्टीत. दोन्ही काकड्या दिसायला सारख्याच, त्यामुळे ओळख काय ती पाट्यांवर.

तेवढ्यात मंत्र्यांचा दौरा ठरला. पाट्या कळकट दिसत होत्या म्हणून उपटून रंगाऱ्याकडे पाठवल्या. माणूस कामाला चोख. त्यानं दोन्ही पाट्या घासूनपुसून हिरव्यागार केल्या आणि दोन्हींवर 'आपले स्वागत आहे' असं लिहून आणलं.

"अहो, आधी काय लिहिलं होतं ते तरी वाचायचं!" बाई म्हणाल्या.

"वाचत बसलो तर रंगवू कधी?" रंगाऱ्यानं विचारलं. त्याचा मुद्दा इतिवृत्तात घेतला आहे.

बाईंचं म्हणणं, डावा वाफा बदललेला. त्यांनी तो स्वतःच्या हातानं पेरला होता. परंतु पेरणारी व्यक्ती हितसंबंधी ठरते, त्यामुळे तिची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. प्रयोगशाळेत दोन तासांत उलगडा झाला असता. पण तिथल्या अर्जात रकाना चार आहे : 'नमुना साधा की बदललेला, ते लिहावे. रिकामा अर्ज परत पाठवला जाईल.' आमचा अर्ज तीनदा परत आला.

अखेर लोकशाही मार्गानं मतदान घेतलं. सात विरुद्ध चार मतांनी उजवा वाफा बदललेला ठरला. (सातांपैकी पाच जणांनी वाफे पाहिलेच नव्हते, म्हणजे ते पूर्णपणे निःपक्षपाती होते.)

यानंतर दोन्ही बाजूंना हुरूप आला. मंत्र्यांनी उजव्या वाफ्यातली काकडी व्यासपीठावर कचाकचा खाल्ली आणि अंगात नवी ताकद आल्याचं जाहीर केलं. फाटकाबाहेर उपोषणाला बसलेल्या विरोधकांपैकी चौदा जणांच्या अंगावर त्याच काकडीच्या वासानं पुरळ उठलं. (दाखले जोडले आहेत.) दुसऱ्या दिवशी विरोधकांनी उजवा वाफा मुळासकट उपटला.

डावा वाफा अर्थातच साधा. त्यातली त्रेसष्ट किलो काकडी रीतसर उपाहारगृहात गेली. मंत्र्यांच्या ताफ्यानं ती जेवणाबरोबर खाल्ली. विरोधकांनी उपोषण सोडलं तेही तिच्यावरच. पुरळ कुणालाच उठलं नाही आणि ताकदही कुणाला आली नाही. खरी काकडी असते तरी कशी, हे लोकांना पटवायला ती फार उपयोगी पडली.

बदललेला वाफा नष्ट झाल्यामुळे अहवालात 'निष्कर्ष नाही' असं लिहावं लागलं. सहीसाठी बाई माझ्या टेबलाशी आल्या. सही करता करता थांबल्या.

"सचिवसाहेब, अकरा वर्षांत तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का हो, मी त्या काकडीत बदललं काय ते?"

मी फायली चाळल्या. चारशे बारा पानं पाठिंब्याची, चारशे नऊ विरोधाची. असा प्रश्न कुठेही आढळला नाही. तेव्हाही विचारता आलं असतं, पण कार्यालय बंद व्हायची वेळ झाली होती. बाईंनी सही केली, पेन जागेवर ठेवलं आणि गेल्या. बियाणं सोमवारी भट्टीत गेलं. मला वाईट वाटलं, हे मी वैयक्तिक पातळीवर नमूद करतो.

असो. हे सगळं वाचताना तुमचंही मत पक्कं झालं असेल. कुणाला बाईंवर अन्याय झाला असं वाटेल, कुणाला एक बला टळली असं. काकडीत काय बदललं होतं, हे मात्र तुमच्याही मनात आलं नाही. बाईंनी विचारल्यावरच आलं. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. आपण अर्ज करावा.