मुलाखतीच्या दारावरचा पहारा

बायकोची मुलाखत घरूनच, कॉम्प्युटरवर होणार म्हटल्यावर अप्पांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ठरवलं, आज घरात टाचणी पडल्याचासुद्धा आवाज होऊ द्यायचा नाही.

कारणही तसंच होतं. बायकोने कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून पीएच.डी. धरली होती. विषय होता, माणसाच्या घोरण्यावरून कॉम्प्युटरने त्याच्या श्वासाचा आजार ओळखायचा. सरकारी फेलोशिप मिळाली तर संशोधन पुढे चालणार, नाहीतर पुन्हा खडू आणि फळा. (घोरण्याचे नमुने कोणाचे, हे अप्पा ऑफिसात सांगत नसत. 'ध्वनिशास्त्र आहे,' एवढंच म्हणत.)

त्यांनी बेलची वायर काढली. कुकरची शिट्टी काढून खिशात घातली. तेवढ्यात आई खोकली.

"आई, खोकायचं तर गच्चीवर जा ना!"

"अरे, जिना चढले की जास्तच खोकला येतो मला."

"हळू बोल गं!" अप्पा ओरडले.

आतून बायकोने दार उघडलं. "अहो, कोण ओरडतंय?"

"आई," अप्पा म्हणाले. 

मग दाराबाहेर खुर्ची टाकून अप्पा पहाऱ्याला बसले. जेवण जरा जास्तच झालं होतं. डोळ्यांना विश्रांती म्हणून त्यांनी मान मागे टेकली (फक्त मानच; पापण्या आपोआप मिटल्या).

आत पडद्यावर समितीतले एक सर बोलता बोलता थबकले. "मॅडम, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?"

बायकोचा चेहरा पडला. "नाही सर. मिस्टर आहेत."

"काय करताहेत?"

"पहारा देताहेत."

मग समितीतल्या एक बाई हसू दाबत म्हणाल्या, "मग हाच नमुना घ्या की! तुमचा प्रोग्रॅम चालतो का, बघू तरी."

बायकोने दार उघडलं आणि लॅपटॉप अप्पांसमोर धरला. घोरणं मध्येच थांबलं की अख्खी समिती श्वास रोखून बसे. पुन्हा सुरू झालं की सगळ्यांच्या जिवात जीव येई. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली : 'झोपेत श्वास अडकतो आहे. डॉक्टरांना दाखवा.' टाळ्यांचा कडकडाट झाला.

अप्पा दचकून उठले, समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून ओठांवर बोट ठेवत खेकसले, "शूऽऽ! आत मुलाखत चाललीय!"

फेलोशिप मिळाली. डॉक्टरांनीही कॉम्प्युटरचंच म्हणणं खरं ठरवलं. अप्पांची छाती फुगली. ऑफिसात ते आता 'आमची फेलोशिप' म्हणू लागले.

"पण समितीने एक सूचना केलीय," बायको चाचरत म्हणाली. "एकट्या तुमच्यावर भागायचं नाही. बाहेरच्यांचंही घोरणं गोळा करायला हवं."

"बाहेरच्यांचं?" अप्पांना हे जिव्हारी लागलं. "माझ्यात काय कमी आहे?"

"वरच्या मजल्यावरच्या काकांचं घे गं," आई सुनेला म्हणाली. "दुपारी खिडकीतून ऐकू येतं. इतकं सुरात, की ऐकताना मलाही झोप लागते."