कूलरांचे मोहिमेची व तीन डब्यांचे विजयाची हकीकत

प्रथम गजवदनास नमन, मग कुलस्वामिनीस, मग दरवाजावरील हजेरीचे यंत्रास, जें मुख न पाहतां अंगठा पाहोन मनुष्य ओळखतें. शके १९४१, विकारीनाम संवत्सरे, चैत्र मासीं, जे राज्यीं थंड हवेचे कूलर घडत तेथील वर्तमान लिहितों. महाराजांचे पदरीं तीन मानकरी होते. विक्रीचे सुभेदार दिगंबरराव ढमढेरे, जे माघांत कूलर विकून आले ऐसी ख्याती. गोदामाचे किल्लेदार हुसेनभाई कोतवडेकर, तीस असामींचा पोशिंदा. आणि गाड्यांचे पागेच्या सरदार मंदाकिनीबाई टिळेकर, ज्यांचा आवाज ऐकोन ट्रक किल्लीवांचून चालू होतो म्हणतात. हे तिघे दुपारीं एके मेजावर डबे सोडीत आणि कायदा ऐसा कीं, ज्याचा डबा उघडला त्याणें आधीं आपले खात्याची बातमी सांगावी, मग घास घ्यावा, आणि बातमी लपवील त्यास लोणचें नाहीं. हा कायदा कोठें लिहिलेला नव्हता, म्हणोन सर्व पाळीत होते.

मग मनुष्यबळाचे अमात्य कौस्तुभराव नवे रुजू जाहले. बहुत विद्वान, मितभाषी, कांचेचे दालनांत बसोन वाटींतली काकडी एकटे खात आणि पडद्यावर राज्य पाहत. तयांनीं पाहिलें कीं तीन खातीं एकत्र बसतात आणि हंसतात, आणि हंशाचें उत्पादन कोठें मोजलें जात नाहीं. तेव्हां हुकूम सुटला कीं गोदामानें बारा वाजतां जेवावें, पागेनें साडेबारास, विक्रीनें एक वाजतां, आणि खात्याखात्यांतील बोलणें संगणकावर लेखी व्हावें. मंदाकिनीबाई बोलिल्या, "साहेब, साडेबाराला मला भूक लागत नाही." अमात्य बोलिले, "मॅडम, भूक ही सवय आहे." बाई बोलिल्या, "मग सवय साडेबाराला लागत नाही." परंतु हुकूम तो हुकूम. तिघे आपापले वेळीं भिंतीकडे तोंड करोन जेवूं लागले आणि राज्यांत शांतता नांदली, जैशी वादळापूर्वीं नांदते.

ते समयीं दिगंबररावांनीं मोठी फत्ते केली. चाळीस मंगल कार्यालयांचा धनी गांठोन तीनशें कूलर शनिवारीं पोंचवण्याचा शब्द दिला आणि शिरस्त्याप्रमाणें संगणकावर लेखी कळविलें. परंतु अमात्य रोज आरोग्य, आनंद, पाणी पिणें आणि ताठ बसणें या विषयीं इतके संदेश धाडीत कीं लोक संदेश न वाचतां पुसत, त्यांत हाही पुसला गेला. मग हुसेनभाईंनीं माल पडोन आहे ऐसें समजोन तेच तीनशें कूलर, पुढील महिन्याची मागणी होती त्या चिंचवळीच्या शेठजींकडे, महिनाभर आधींच रवाना केले, आणि मंदाकिनीबाईंनीं काम नाहीं ऐसें समजोन गाड्या दुरुस्तीस धाडिल्या. तिघांनींही आपलें काम चोख केलें आणि राज्य बुडावयास आलें.

बुधवारीं कार्यालयवाल्याचा फोन आला कीं, "गाड्या निघाल्या का? शनिवारी व्याही घामाघूम झाले तर मी तुमचं नाव सांगणार." तेव्हां सर्व उघड जाहलें. महाराज कोपले आणि बोलिले, "शनिवारी माल पोचला नाही तर गोदाम मोडा आणि काम ठेकेदाराला द्या." हें ऐकोन हुसेनभाईंचे तोंडचें पाणी पळालें, कां कीं तीस घरांची चूल त्या पत्र्याखालीं होती. अमात्यांनीं लागलीच मसलतीची वेळ मागितली, तों संगणक बोलिला कीं तिन्ही खातीं एके वेळीं मोकळीं सोमवारीं आहेत.

मग हुसेनभाई उठले, डबा घेतला, आणि एक वाजतां, जी वेळ तयांची नव्हे, जुन्या मेजावर जाऊन बसले. तें पाहोन मंदाकिनीबाई आल्या, आणि दिगंबरराव धांवत आले. आम्ही समक्ष नव्हतों, परंतु ज्याणें पाण्याचा जग ठेविला त्याणें सांगितलें तें ऐसें. हुसेनभाईंनीं झांकण काढिलें आणि बोलिले, "माल चिंचवळीला. मीच पाठवला. गोदाम जातंय." बाईंनीं झांकण काढिलें, "गाड्या मिस्त्रीकडे. पण तो आळशी आहे, तीन अजून खोलल्या नसतील." दिगंबरराव भाकरीस हात घालूं लागले, तों बाई बोलिल्या, "आधी बातमी." "बातमी काही नाही हो. तो चिंचवळीचा शेठ काल माझ्यावर ओरडत होता. सगळं अंगण खोक्यांनी भरलंय म्हणे, त्याची मोटार आत जाईना. मी म्हटलं, ते गोदामाचं खातं, लेखी कळवा."

हुसेनभाई सावकाश बोलिले, "म्हणजे त्याला नकोयत?" "पुढच्या महिन्यापर्यंत फुकट दिले तरी नकोत." "अरे माणसा, हे तू काल का नाही सांगितलंस?" "काल तू बाराला जेवलास." बाईंनीं दिगंबररावांचे पुढील लोणचें सरकवोन घेतलें आणि डावे हातें मिस्त्रीस फोन लाविला. हुसेनभाईंनीं हमाल नेमिले, दिगंबररावांनीं शेठजीस कळविलें कीं आपले अंगण मोकळें करावयास फौज येते, शेठजींनीं आशीर्वाद दिले, आणि ताक संपावयाचे आंत मोहीम ठरली. अमात्य दालनांतून येऊन उभे होते. त्यांनीं पुसिलें, "या बैठकीचा अजेंडा काय आहे?" बाई बोलिल्या, "मेथीची भाजी."

मग गाड्या सुटल्या त्या ऐशा सुटल्या कीं चिंचवळीचीं कुत्रीं भुंकावयाचें विसरलीं. हुसेनभाई स्वतां पहिल्या गाडींत बसले, खोकें खोकें हातीं घेतलें, आणि शुक्रवारीं सांजवेळे चाळीसही कार्यालयांत कूलर गरगरूं लागले. शनिवारीं वऱ्हाडी शाल न उतरवितां जेवले आणि व्याही दुसऱ्यांदा जिलबी मागते जाहले. ऐसी फत्ते त्या राज्यीं पूर्वीं जाहली नव्हती. गोदाम राहिलें.

महाराजांनीं दरबार भरविला, जेवणाचे वेळांचा हुकूम फाडिला, आणि हुसेनभाईंस बोलिले, "काय हवं ते मागा." हुसेनभाई बोलिले, "साहेब, गोदाम राहिलं, माझं मागणं संपलं. फक्त कौस्तुभरावांना कुणीतरी जेवायला बोलवत जा. माणूस रोज एकटा जेवतो, मग त्याला असले हुकूम सुचतात." दरबारांत कोणी हंसलें नाहीं. अमात्य खालीं पाहोन बोलिले, "मला स्वयंपाक येत नाही." बाई बोलिल्या, "बातमी तर येते ना? उद्या एक वाजता या."

सारांश, अमात्य गेले, बसले, आणि पहिल्याच दिवशीं खरी बातमी सांगितली कीं आपले हुकुमानें चूक जाहली. मग तयांस लोणचें वाढण्यांत आलें. इति.