ढोल्याचा आवाज

शेजारचे वानखेडे काका मला दिसायच्या आधी भिंतीतून ऐकू आले. "अबे, खाली पाहून चाल ना बे! पडला! सांगून राहिलो होतो ना!" दुपारी दोन वाजता, अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये, अस्सल नागपुरी! नवऱ्यामागे डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नसल्याने घरी बसून माझे कान तसेही टवकारलेलेच असायचे. धावत जाऊन बेल वाजवली, तर काका टीव्हीसमोर एकटेच.

पडला होता मूकपटातला एक जाडा जर्मन विनोदी नट. काकांनी त्याचं नाव ठेवलं होतं ढोल्या. लायब्ररीतून त्याच्याच डीव्हीडी आणायचे. ढोल्या कधी वेटर, कधी दरवान, कधी नायिकेचा मामा. "जिंदगीभर धडपडला, बाई, पण हीरो एकदाही नाही झाला," काका सख्ख्या भावाबद्दल सांगावं तसं सांगायचे. त्याचे संवाद मात्र स्वतः म्हणायचे. बर्लिनचा वेटर वाकून म्हणायचा, "सावजी रस्सा संपला, साहेब!"

काकू गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. मुलगा सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या गावी, सून ऑफिसात. नातू शाळेतून यायचा, "आजोबा, देअर इज नो साउंड!" म्हणायचा आणि खोलीचं दार लावून घ्यायचा.

माझाच आगाऊपणा नडला. काकांच्या वाढदिवसाला मी ढोल्याचा एक बोलपट मागवला. म्हटलं, खुद्द त्याचा आवाज ऐकवू! ढोल्याने तोंड उघडलं आणि निघाला बारीक, चिरका आवाज. मी खो खो हसले. काका हसले नाहीत.

मग चार दिवस पलीकडे चिडीचूप. मला करमेना. पाचव्या दिवशी गेले, तर जुनाच मूकपट लावून काका नुसते बघत बसलेले.

"काका, बोलत का नाही?"

"आता त्याचा खरा आवाज ठाऊक झाला ना. माझा खोटा वाटते." मग हळूच म्हणाले, "दिवसभरात माझं तेवढंच बोलणं व्हायचं, बाई."

सकाळपासून मीही कुणाशी अक्षर बोलले नव्हते.

पडद्यावर ढोल्याची बायको कमरेवर हात ठेवून ओठ हलवत होती. मी काकांशेजारी बसले आणि आवाज चढवला, "अहो, मघापासून मी एकटीच बोलतेय! उत्तर द्या की!"

काकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"देऊन राहिलो ना," ते म्हणाले. "जरा दम तर धर."