बाबांच्या खुर्चीची करकर

लहानपणी घरात काहीही बिघडलं की दुरुस्तीला मी हजर! निम्म्या वस्तू मी दुरुस्त केल्यामुळेच बिघडल्या होत्या, हा भाग वेगळा.

बाबा छापखान्यात कामाला. सहा दिवस यंत्रांच्या खडखडाटात उभे राहायचे आणि रविवारी दुपारी खिडकीपाशी आपल्या डोलखुर्चीत झोपायचे. आठवड्यातलं तेवढंच एक सुख. ती खुर्ची पुढे गेली की कर्रर्र, मागे आली की कट्. एवढ्या करकरीत बिचाऱ्यांना झोप कशी लागत असेल? म्हणून एका शनिवारी आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची अख्खी बुधली मी खुर्चीच्या सांध्यांत रिकामी केली. खुर्चीची बोलती बंद.

"उद्या बाबा मला शाबासकी देतात की नाही, बघच," मी ताईला म्हणालो.

आता, आमचं सगळं घर त्या आवाजावर चालायचं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. करकर थांबली म्हणजे बाबा झोपले, ही घराची शिट्टी. रविवारी बाबा खुर्चीत बसले आणि करकर काही आलीच नाही. झोपले वाटतं, असं म्हणून ताईने बाबांचा रेडिओ उचलला आणि मी बिस्किटांच्या डब्याकडे पळालो. तिथे आई आधीच उभी, दोन्ही गाल फुगलेले!

"बिस्किटं संपली म्हणून सकाळी सांगितलंस ना?" मागून बाबांचा आवाज आला.

"मऊ पडलीत का बघत होते," आई कशीबशी म्हणाली.

"आणि रेडिओ गं?"

"धूळ बसली होती," ताई म्हणाली.

पण बाबांना भांडायचंही त्राण नव्हतं. डोळे लाल झालेले. "कधीचा डोलतोय, झोपच येत नाही. खुर्चीला काय झालंय?"

आई आणि ताई एकदम माझ्याकडे वळल्या. इतकी एकी आमच्या घरात एरवी कधी दिसली नाही.

मग आम्ही तेल पुसलं, पावडर टाकली, मी तर चिमूटभर वाळूही टाकून पाहिली. खुर्ची ढिम्म. बाबांचा चेहरा एवढासा झाला. उद्या पहाटे त्यांना पुन्हा यंत्रापाशी उभं राहायचं होतं. मला फार वाईट वाटलं. शाबासकी गेली खड्ड्यात, त्यांची झोप तरी परत द्यायला हवी होती.

मी खुर्चीमागे जमिनीवर बसलो आणि तोंडाने सुरू केलं, "कर्रर्र... कट्. कर्रर्र... कट्."

आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाबांची मान कलली, घोरणं सुरू झालं. मी जिंकलो होतो. घसा कोरडा पडला होता म्हणून नुसतं "कर्रर्र" करत मी हळूच उठलो, डब्याच्या दिशेने दोन पावलं टाकली.

"कट् राहिलं," डोळे न उघडता बाबा म्हणाले.

तेल सुकायला पाच रविवार लागले.