मनोरीची माध्यान्ह शांतता

मनोरीचा वारा रोज दुपारी एकला थांबत होता आणि चारला पुन्हा सुरू होत होता. सलग बावीस दिवस.

मधुवंतीनं अंधेरीच्या ऑफिसात तो आलेख तिसऱ्यांदा उघडला. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या तर कुठे किती वारा वाहतो हे आधी मोजावं लागतं. तिच्या छोट्याशा कंपनीला तेच काम मिळालं होतं, आणि मनोरीची जागा ही तिची एकटीची पहिलीच जबाबदारी होती. शेवंती वैती नावाच्या कोळणीच्या गच्चीवर तिनं वारामापक बसवला होता. खांबावर गरगरणाऱ्या तीन वाट्या, आणि आकडे मोबाईलच्या सिमवरून थेट ऑफिसात.

"सर, काहीतरी बिघाड आहे. दुपारी तर समुद्रावरून जोरात वारा येतो."

"बिघाड असा घड्याळ लावून होतो का गं?" नंदकुमार साहेब खुर्चीतून उठलेच. "हा शोध आहे, शोध! आजवर कुणाच्या लक्षातच आला नाही."

"मी एकदा जाऊन बघून येते ना."

"बघायचं काय त्यात? आकडे बोलतायत!"

साहेबांनी त्या प्रकाराला 'मनोरी माध्यान्ह शांतता' असं नाव दिलं, त्यावर चार पानं लिहिली आणि काम देणाऱ्या कंपनीला पाठवली. तासाभरात उत्तर आलं. तिथल्या मुख्य तज्ज्ञ शर्मिष्ठा मॅडम गुरुवारी ही शांतता स्वतः बघायला येणार होत्या. साहेबांनी नवा गॉगल घेतला.

गुरुवारी मार्वेहून बोटीनं तिघं मनोरीला उतरले आणि पावणेएकला गच्चीवर पोचले. वाट्या झकास फिरत होत्या. मॅडमची ओढणी पतंगासारखी फडफडत होती.

"अजून चार मिनिटं," साहेब घड्याळावर नजर ठेवून हळूच म्हणाले. "अजून दोन."

बरोबर एकला शेवंती जिना चढून वर आली. हातात नायलॉनची दोरी होती.

"जरा सरका गो बाय," ती मॅडमना म्हणाली. स्टुलावर चढली, वाट्यांना तीन वेढे दिले, गाठ मारली आणि खाली उतरली.

वाट्या थांबल्या. मॅडमची ओढणी मात्र फडफडतच होती.

"हीच का ती शांतता?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी गॉगल काढून पुसायला घेतला.

"मावशी, हे काय करताय?" मधुवंतीचा आवाज चिरकला.

"कराकरा वाजतंय ना ते! आमच्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालंय. दुपारी गोळी घेऊन झोपतो. चारला सोडते ना मी, रोज आठवणीनं. एक दिवस तरी उशीर झाला असंल तर सांग!"

आता आपली नोकरी गेलीच, असं मधुवंतीला वाटलं. तरी ती मॅडमकडे वळली. "चूक माझी आहे, मॅडम. यंत्र बसवून गेले ती फिरकलेच नाही. यांचं घर वापरलं, पण घरात कुणी आजारी आहे का, हेही विचारलं नाही."

एवढ्या बोलण्यानं म्हातारा जागा झालाच. शेवंतीचा नवरा धोंडू वैती भिंतीला धरत धरत वर आला आणि मॅडमच्या हातातला नकाशा निरखू लागला.

"हा लाल ठिपका कसला?"

"तिथे समुद्रात मोजणीचा मोठा खांब उभारायचाय, काका."

"तिथं? तिथं आमच्या जाळ्यांचे खुंट हायत! तीन गावांचे. खांब रोवलात तर जाळी फाटतील, आणि मग तुमच्या खांबाचं काय व्हईल ते मी नाय सांगत."

मॅडम तिथेच टाकीच्या कठड्यावर बसल्या. धोंडूनं बोट फिरवत कुठे खडक आहे, कुठे गाळ, कुठल्या महिन्यात वारा कुठून उठतो, ते सगळं सांगितलं. दोन तास. यातलं काहीच कुठल्या नकाशात नव्हतं. मॅडमची वही भरली.

ठिपका सरकला. वाट्यांना तेल पडलं, मोजणी नव्यानं झाली. चार पानांचा तो शोध साहेबांनी फायलीतून गुपचूप काढून टाकला. मधुवंतीची नोकरी टिकली, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर धोंडू आणि शेवंती वैती यांचे आभार छापले गेले.

ते पान आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन ती मनोरीला गेली. "मावशी, तुमच्यामुळे वाचले हो मी. काकांनी सांगितलं नसतं तर..."

"आभार तू कशाला मानतेस?" शेवंतीनं तिचा हात घट्ट धरला. "डॉक्टरनं दर्यावर जायाचं बंद केल्यापासून भिंतीकडं तोंड करून बसायचा. जेव म्हटलं तर जेवायचा, नायतर तेवढंही नाय. आता बघ."

ओट्यावर धोंडू दोन शेजाऱ्यांना नकाशा समजावत होता. त्यांना घरी जायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मधुवंतीला पाहताच म्हातारा खुलला.

"ये पोरी, बस! पावसाच्या आधीचा वारा तुला सांगायचा ऱ्हायलाच."

शेजारी संधी साधून उठले. मार्वेची बोट पाच मिनिटांत सुटणार होती. मधुवंतीनं चपला काढल्या, ओट्यावर बसकण मारली आणि वही उघडली.